एकावन्न सेंटिमीटरची खुर्ची

सोमवार, ३ मार्च

जाजा नाबुकेरांच्या, म्हणजे नाबुकेरा आजींच्या, घरातले फेरबदल आज पुरे झाले! सहा आठवडे, चार फेऱ्या, आणि बोडाच्या, भाड्याच्या मोटारसायकलच्या, मागच्या सीटवर बसून माझ्या कमरेचा झालेला खुळखुळा. पण झालं एकदाचं.

उंबरठा फोडून तांबड्या मुरुमाचा उतार केला. खाटेच्या पायांखाली खाच पाडलेले ठोकळे, म्हणजे खाट सरकणार नाही. भिंती कच्च्या विटांच्या, खिळा धरत नाहीत – दोनदा दांडा ठोकला, दोनदा विटेसकट हातात आला! – म्हणून मग निलगिरीचे खांब जमिनीतच गाडले, मागच्या दारापासून संडासापर्यंत, आणि त्यांना हाताला लागेल असा आडवा दांडा. संडासाच्या खड्ड्यावर भोकाची लाकडी बैठक. चूल मातीच्या ओट्यावर, उभ्यानं हिरव्या केळ्यांचे मटोके शिजवता येतील अशी. पाण्याचे डबे फळीवर. आणि खुर्ची. खुर्चीवर माझा फार जीव. बैठक एकावन्न सेंटिमीटर, हात भक्कम, पाठ सरळ. तिच्यासाठी सुताराला तीनदा परत पाठवलं. तो म्हणाला, "बाई, म्हातारीला बसायचंय की बिशपला?"

नवा खुबा बसवलेल्या माणसानं तीनच गोष्टी सांभाळायच्या. खुबा गुडघ्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही. पाय एकमेकांवर टाकायचे नाहीत, आत वळवायचे नाहीत. पुढे वाकून खालचं उचलायचं नाही. जाजांना हे तोंडपाठ आहे. तरी मी नुसत्या पाठांतरावर विसंबत नाही. "माझ्याकडे बघा, मी करते तसं करा" – मी बसते, त्या बसतात. मी उठते, त्या उठतात. सदुसष्ट वर्षांची बाई, पण इतकी हुशार विद्यार्थिनी मला दुसरी मिळाली नाही.

सून प्रोस्कोविया दाराला टेकून म्हणाली, "आता काय बाई, आमच्या सासूबाई वर आणि अख्खं गाव खाली!" मी हसले. जाजा हसल्या नाहीत. अंगातल्या पायघोळ गोमेसीचा कमरेचा पट्टा नीट करत राहिल्या.

गुरुवारी शेवटची तपासणी. फोटोही काढायचेत – कंपालाच्या संमेलनात दाखवायला. "आधी" आणि "नंतर". वीस मिनिटं बोलायला मिळणार आहेत मला! आमच्या दवाखान्यातून आजवर कुणालाच मिळाली नव्हती.

गुरुवार, ६ मार्च

जाजांचा खुबा निखळला. तपासणी चालू असताना. दवाखान्याची गाडी यायला दीड तास लागला. संध्याकाळी भूल देऊन डॉ. ओचोलांनी सांधा परत बसवला.

फार लिहवत नाही.

शुक्रवार, ७ मार्च

डॉ. ओचोलांनी विचारलं, "कसा निखळला?"

"खाली बसल्या."

"खाली? जमिनीवर? अगं, तू सांगितलं नव्हतंस?"

"सांगितलं होतं, डॉक्टर. प्रत्येक फेरीला."

एकही शब्द खोटा नाही यातला.

मग अपघाताच्या नोंदीचा कागद भरला. "सांधा निखळण्याचं कारण" या चौकटीत लिहिलं – वारंवार सूचना देऊनही रुग्ण जमिनीवर बसल्या. अक्षर चांगलं आलं. खाली सही, हुद्दा, तारीख. त्या वेळी घरात आणखी कोण होतं, अशी चौकट त्या कागदावर नाही. मी दोनदा उलटून पाहिलं. नाही. आणि मला हायसं वाटलं! हे इथे लिहून ठेवते, नंतर नाकबूल करायला नको.

शनिवार, ८ मार्च

पुन्हा निखळला. या वेळी नुसतं कुशीवर वळवताना. आता परत बसवून भागणार नाही, वाटी सैल झालीय. दुसरं ऑपरेशन लागणार.

कंपालाचे सर्जन २४ तारखेला येणार, पाच दिवसांसाठी. बारा ऑपरेशनं. त्यानंतर सप्टेंबर. सप्टेंबरपर्यंत जाजा खाटेवर राहिल्या तर त्या पुन्हा चालतील असं मला वाटत नाही, आणि डॉ. ओचोलांनाही नाही.

म्बाबाझी ऑपरेशनची यादी सांभाळते. दवाखान्याची समाजसेविका, माझी मैत्रीण म्हणावी अशी. डबा खाताना म्हणाली, "नान्तेझा, तुझ्या म्हातारीचं कठीण दिसतंय. दुसऱ्या ऑपरेशनला नियम आहे – पहिल्या वेळी ज्यानं सांगितलेलं पाळलं, त्यालाच. उगाच दुसऱ्याची जागा अडवायची नाही. आणि तुझ्याच कागदावर 'वारंवार सूचना देऊनही' आहे. वीस तारखेला यादीची बैठक आहे. तिथे तेवढंच वाचतील."

मी म्हटलं, हं. डबा तसाच बंद केला.

रविवार, ९ मार्च

चर्चला, मिस्साला गेले नाही. लिहून टाकते. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही.

गुरुवारी अकराच्या सुमाराला मी पोचले. जाजा खुर्चीत, नवीकोरी गोमेसी, फोटोसाठी. मी फोन घेऊन मागे-पुढे नाचत होते. "जाजा, जरा हसा. हात खुर्चीच्या हातावर दिसू देत." प्रोस्कोविया मागे चहा ठेवत होती. तेवढ्यात अंगणात कुणी खाकरलं आणि दारात सेरुंकुमा उभे. जाजांचे थोरले दीर. ऐंशीच्या पुढचे, पायघोळ पांढरा कांझू, वर कोट, हातात काठी. जाजांचा नवरा गेल्यापासून त्या घरात शेवटचा शब्द यांचा.

मी गुडघ्यांवर बसले.

विचार असा केलाच नाही. आपल्याकडच्या मुलीला तो करावा लागत नाही. चालायला शिकले तेव्हापासून बसते आहे – वडलांसमोर, आत्यांसमोर, शाळेच्या मास्तरांसमोर. गळ्यात मोजायची टेप, हातात फोन, आणि मी सिमेंटच्या कोब्यावर गुडघे टेकून सुरू झाले. रात्र कशी गेली, बाबा? – हं. घरची मंडळी? – हं. कॉफीला फूल धरलं का? – हं.

जाजांनी माझ्याकडे बघितलं. मला दिसलं ते. आधी सेरुंकुमांकडे नाही, माझ्याकडे. मग खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे ठेवले, अगदी मी शिकवले तसे, पुढे सरकल्या – आणि उठायच्या ऐवजी खाली उतरल्या. आधी गुडघे. मग टाचांवरून बाजूला, दोन्ही पाय एका अंगाला दुमडून, आपल्या बायका चटईवर बसतात तशा. मग मान लववून पुढे वाकल्या.

ज्या तीन गोष्टी करायच्या नाहीत, त्या तिन्ही. एका दमात.

आणि मला वेळ होता. वहीशी खोटं बोलून काय करू? दोन "हं" इतका वेळ होता. "जाजा, नको!" एवढं ओरडले असते तरी पुरे होतं. हात लांब केला असता तरी पोचला असता, इतक्या त्या शेजारी होत्या. पण थोरल्या माणसाची ख्यालीखुशाली मध्येच तोडायची नसते. ते "बरं" म्हणेपर्यंत उठायचं नसतं. मी सेरुंकुमांना त्यांच्या शेळ्या कशा आहेत ते विचारत होते. शेळ्या!

मग तो आवाज आला. ओला फाटा मोडल्यासारखा. जाजा ओरडल्या नाहीत. त्यांनी आपली ख्यालीखुशाली पुरी केली. रात्र कशी गेली, भाऊजी – घरचे कसे आहेत – आवाज चिरकत होता, कपाळावर घाम, पण पुरी केली. सेरुंकुमा "बरं" म्हणाले. तेव्हा त्या आडव्या झाल्या.

डॉ. ओचोला केनियातल्या किसुमूचे. म्बाबाझी पश्चिमेची, तिच्याकडे म्हाताऱ्यांना मिठी मारून भेटतात. त्यांच्या डोक्यात आलं नसतं तर एक वेळ समजू शकते. पण मी? मी तर इथलीच. त्या घरात मी दाराची रुंदी मोजली, खाटेची उंची मोजली, चुलीपासून पाण्याच्या डब्यापर्यंतची पावलं मोजली. पण म्हातारी दिवसातून किती वेळा चटईवर बसते आणि कुणाकुणासाठी, हे विचारलं नाही. घर तपासायच्या कागदावर तो प्रश्न होता! "रुग्ण घरात सहसा कुठे बसतो?" मी पहिल्याच फेरीला लिहून टाकलं – खुर्चीवर. तेव्हा त्या घरात खुर्चीच नव्हती.

सोमवार, १० मार्च

वॉर्डात गेले नाही. पाठ दुखत असल्याची सबब सांगितली. मेट्रननं गरम पाण्याची पिशवी दिली. घेतली!

बुधवार, १२ मार्च

आज जावंच लागलं. जाजांच्या पायांमध्ये उशी बांधायची होती, ते काम माझंच.

मला बघून त्यांचा चेहरा उजळला. हेच नको होतं मला. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणाल्या, "पोरी, तुझी पाठ कशी आहे? नर्स म्हणत होती."

मी उशी बांधत राहिले. मग हळूच विचारलं – का विचारलं कोण जाणे, खाई त्याला खवखवे – "जाजा, त्या दिवशी खाली का बसलात? आपण इतक्या वेळा घोकलं होतं."

"तुझ्याकडे बघितलं ना."

"म्हणजे?"

"तूच म्हणायचीस, माझ्याकडे बघा, मी करते तसं करा. बघितलं. तू बसलीस. मला वाटलं, सहा आठवडे झाले, आता चालत असेल. नाहीतर तू कशाला बसली असतीस? तुला सगळं माहीत." आणि मग, माझा चेहरा बघून की काय, "तुझी नाही गं चूक. माझ्याच डोक्यात भुसा. मलाही बरंच वाटलं बसताना. खुर्चीत बसून दिराला सामोरं जायचं म्हणजे अंगावर कपडा नसल्यासारखं वाटतं."

उशीच्या बंदाची गाठ मला तीनदा सोडावी लागली.

मग त्यांनी विचारलं, "माझा नंबर लागेल ना? चालायचं राहू दे, निदान संडासाला माझी मी जाईन. प्रोस्कोविया भांडं धरते. काही बोलत नाही ती, पण तोंड दुसरीकडे करते. सुनेनं सासूचं भांडं धरायचं, आणि मी तिच्याकडे बघायचं कसं? जेवणच कमी केलंय मी."

मी म्हटलं, बघू. खरोखर "बघू" म्हटलं! ताट बघितलं तर मटोके तसेच, वर केळीचं पान झाकलेलं.

गुरुवार, १३ मार्च

कोरा कागद मागून आणला. "दुरुस्ती" असं वर लिहिलं. पुढे काही लिहिलं नाही. दुपारी त्याच कागदावर कंपालाच्या भाषणाचे मुद्दे काढले.

शुक्रवार, १४ मार्च

सेरुंकुमा वॉर्डात आले. दोन बस बदलून, हातात फणसाचा अर्धा तुकडा पानात गुंडाळलेला.

मी काय केलं असेन? गुडघ्यांवर! वॉर्डाच्या फरशीवर, पांढऱ्या गणवेशात, शेजारच्या खाटेवरची बाई बघत असताना. आठ दिवस स्वतःला शिव्या घालते आहे, आणि माणूस दिसला की गुडघे आपोआप वाकतात. आणि जाजा खाटेवरून – खाट उंच, मीच उंच करून घेतलेली – हातानं चादर डोक्यावर ओढत म्हणताहेत, "वर झोपलेय, भाऊजी, माफी असावी."

"झोप गं, झोप. उगाच काहीतरी." ते स्टुलावर बसले. मग माझ्याकडे वळले. "तू ती टेपवाली ना? उठ आधी. फरशी गार आहे."

उठले.

जाजांना औषधाची गुंगी होती, डोळा लागला. म्हातारबाबा फणसाच्या पानाशी चाळा करत म्हणाले, "हिनं मला आधीच विचारलं होतं, ठाऊक आहे? खुर्ची यायच्या आधी. निरोप धाडला – टेपवाली बाई मला वर बसवणार आहे, तुम्ही आलात तर कसं? मी उलट सांगावा धाडला, बसत जा. माझ्या भावानं तुला कधी जमिनीवर झोपवलं नाही, मी कशाला बसवू? मोडकं हाड आहे, त्याला काय मानपान."

मला हे ठाऊक नव्हतं. मी तर आठवडाभर मनातल्या मनात सगळं या म्हाताऱ्याच्या माथी मारत होते. जुनं खोड, बायकांना खाली बसवणारा, याच्यामुळेच झालं – इथपर्यंत. तेवढाच आडोसा होता मला.

ते म्हणाले, "पण दवाखान्याची बाई खाली बसलेली दिसल्यावर ती वर कशी राहील? तिला वाटलं असेल, आपण शिष्ट दिसतोय. बरं, ते जाऊ दे. तू ओरडली का नाहीस?"

"ख्यालीखुशाली चालली होती, बाबा."

"मग? मी काय पळून जाणार होतो?"

रागानं नाही म्हणाले. खरंच न कळून विचारलं. शेजारच्या खाटेवरची बाई फणसाकडे बघत होती, त्यांनी तिलाही चार गरे दिले.

रविवार, १६ मार्च

घरी जाऊन आले. अंगणात वडील बसलेले. बसले गुडघ्यांवर, रात्र कशी गेली वगैरे सगळं. उठताना आई म्हणाली, "काय गं, खुर्च्या मोजून मोजून गुडघे गंजले का?"

स्वयंपाकघरात आईला अर्धं सांगितलं. एका म्हातारीचं असं झालं, मी तिथेच होते, कागदावर मी तसं लिहिलं नाही.

आई केळी सोलत होती. चटईवर, पाय एका अंगाला दुमडून. सुरी थांबवली नाही. "कुणी विचारलं का तुला?"

"नाही."

"मग? दवाखान्याचा कागद आहे तो, चर्चमधली कबुली नाही. बोलशील आणि नोकरी घालवून बसशील. तुझ्या शिक्षणासाठी वडलांनी काय काय केलं, तुला माहीत आहे. आणि म्हातारी माणसं पडतातच गं."

मी म्हटलं, हो. मला जे ऐकायचं होतं तेच ऐकायला गेले होते. ऐकून आले. परतीच्या गाडीत एका म्हातारीला जागा द्यायला उठले आणि उभ्यानं सारखं तिच्या खुब्याकडेच बघत होते.

मंगळवार, १८ मार्च

म्बाबाझी आज जाजांची जबानी घ्यायला गेली. बैठकीसाठी घ्यावी लागते. पडदा ओढलेला. अर्धा तास! मी बाहेर वॉकरच्या रबरी टोप्या बदलत बसले. आठ वॉकर. ज्यांच्या टोप्या चांगल्या होत्या त्यांच्याही बदलल्या.

ती बाहेर आली. हातात कागद, खाली निळा अंगठा.

"काय म्हणाल्या?"

"बैठकीत वाचीन की." माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. की चोराच्या मनात चांदणं?

पहिला विचार – सांगितलं असेल त्यांनी. सांगू देत! म्हणजे मला सांगावं लागणार नाही. दुसरा विचार, पाठोपाठ – सांगितलं नसेल तर बरं. औषधाच्या गुंगीत असतात, सांगितलं तरी कोण धरतंय? यातला कुठला जास्त घाणेरडा ते मला ठरवता येईना. खाटेवर पडलेल्या बाईनं आपलं नाव घ्यावं की घेऊ नये याचा हिशेब करते आहे मी, आणि ती तिकडे संडासाला जावं लागू नये म्हणून जेवत नाही.

जाजांना भेटायला गेले नाही. त्यांनी दोनदा हाक मारली असं नर्स म्हणाली.

बुधवार, १९ मार्च

प्रोस्कोविया व्हरांड्यात भेटली. भांडं धुऊन आणत होती. म्हणाली, "बाई, त्या खुर्चीवर आता कोंबडी अंडी घालते. हुसकलं तरी तिथेच." मग म्हणाली, "उद्या तुम्ही आहात ना बैठकीत? आमच्यातल्या तुम्ही एकट्याच. सासूबाई म्हणतात, आपली पोरगी आहे तिथे, काळजी नको."

मी हो म्हटलं.

ठरवलंय. उद्या मी काही बोलणार नाही. विचारलं तर कागदावर आहे तेच सांगेन. जाजांनी काही सांगितलं असेल तर मान खाली घालीन, नसेल तर नाही. भित्र्या माणसाला ठरवायला फार वेळ लागत नाही. कंपालाचे फोटो निवडून झाले – खुर्चीतला एक फार छान आलाय, जाजा हसताहेत.

गुरुवार, २० मार्च

म्बाबाझीनं जबानी वाचली. "मी माझ्या मनानं खाली बसले. टेपवाली मुलगी तेव्हा घरात नव्हती. मागे संडासाची बैठक मोजायला गेली होती. तिनं मला बघितलं नाही. ऑपरेशन नाही झालं तरी चालेल, पण त्या मुलीला बोल लावू नये. सासर-माहेरचं कुणी नाही आलं माझ्याकडे इतक्या वेळा, ती आली."

डॉ. ओचोला म्हणाले, "मग रुग्णच मान्य करतेय. नियमाप्रमाणे –" आणि यादीवरच्या नावावर पेन टेकवलं. सगळे माझ्याकडे बघत होते, समजूत काढल्यासारखे.

मी म्हटलं, "मी घरातच होते. शेजारी. आधी मी खाली बसले, मग त्या बसल्या. त्या खोटं बोलताहेत, माझ्यासाठी."

डॉक्टरांनी पेन उचललं आणि विचारलं, "आणि हे चौदा दिवस तू काय करत होतीस?"

जाजांचं नाव यादीत राहिलं, बारावं. माझ्याकडून वॉर्डाची किल्ली घेतली.